आठशे मीटर म्हणजे किती?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. कारण घरगुतीच आहे. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेला पंधरवडा एका घड्याळावरून जो काही गोंधळ चालला आहे, त्यात माझे मत मी दोन ओळींत टाकले आणि सगळे माझ्यावर तुटून पडले. "बाबा, तुम्हाला यातलं काय कळतं?" इथपर्यंत मजल गेली. (चिरंजीवांनी नंतर हात जोडल्याचे चित्र पाठवले, ते वेगळे.) दोन ओळींत न मावणारे मत असले की ते इथे लिहावे, ही माझी जुनी खोड. नातेवाईक मंडळींनी शेवटपर्यंत वाचावे आणि मगच फोन करावा, ही विनंती.

मूळ मुद्दा असा. आमची नात, आरमोरीच्या मुलीची मुलगी, पोलीस भरतीची तयारी करते आहे. तिच्या मनगटावर तिच्या मामाचे जुने जीपीएसचे घड्याळ आहे. मामा पुण्यात अर्धमॅरेथॉन धावतो, दोन वर्षांपूर्वी त्याने नवे घेतले तेव्हा जुने भाचीला दिले. आता तिचा वाढदिवस आला, तर मामा, मावशी आणि काका अशा सगळ्यांनी वर्गणी काढून तिला 'अपग्रेड' करून द्यायचे ठरवले. रक्कम तीस हजारांच्या वर. कोणते घ्यावे यावर रोज दहा दुवे येतात. चकचकीत पडद्याचे की साध्या, गाणी वाजवणारे की न वाजवणारे, झोपेचे गुण देणारे, 'आज तुम्ही विश्रांती घ्या' असे सांगणारे... मला एवढेच विचारायचे होते की पोरीला धावायचे किती आहे?

तर ८०० मीटर. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलींना ८०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलांना ८०० ऐवजी १६०० मीटर. मुलींनी ८०० मीटर दोन मिनिटे पन्नास सेकंदांत मारले तर पूर्ण २० गुण, आणि वेळ जसजशी वाढेल तसतसे गुण टप्प्याटप्प्याने उतरतात. भरतीच्या जागा किती आणि उमेदवार किती हे आमच्या भागात सांगायला नको. आरमोरी, वडसा, कुरखेडा, चामोर्शी, तिकडे सावली, मूल, सिंदेवाही, कुठल्याही रस्त्यावर पहाटे पाचला जा, पोरंपोरी धावताना दिसतील. शेती धानाची, पाऊस लहरी आणि कारखाने मोजके. खाकी वर्दी हा इथल्या घरांचा हिशेब बदलणारा प्रकार आहे. त्यामुळे दोन सेकंद म्हणजे नुसते दोन सेकंद नव्हेत.

आणि म्हणूनच मला घड्याळाबद्दल बोलायचे आहे.

दिवाळीत सगळे आरमोरीला जमलो होतो. नात म्हणाली, "आबाजी, माझे आठशे दोन एकोणपन्नासमध्ये बसून राह्यले." घड्याळात दाखवलेही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र मास्तर माणूस, विचारले, "कुठे धावलीस?" तर शाळेच्या मैदानावर, कडेकडेने, चार-साडेचार फेऱ्या, घड्याळ 'आठशे' म्हणून थरथरले की थांबायचे. मैदान मोजलेले आहे का? नाही. घड्याळ मोजते ना!

दुसऱ्या दिवशी जावयांच्या ओळखीच्या कंत्राटदाराकडून पोलादी टेप आणला. शाळा सुट्टीची होती. नात, मी आणि शेजारची दोन पोरे अशा चौघांनी मिळून कडेची एक फेरी नीट मोजली, खुणा केल्या. मग तिला बरोबर ८०० मीटर धावायला लावले. हातात साधे स्टॉपवॉच. दोन मिनिटे पंचावन्न. घड्याळ मात्र अंतर दाखवत होते ०.८३ किलोमीटर. एक दिवस सोडून पुन्हा धावली, ०.८२. तिसऱ्या वेळी ०.७९! हिशेब करा. घड्याळ ८०० ला ८३० म्हणत असेल, तर ते ज्या क्षणी 'आठशे झाले' म्हणून थरथरते त्या क्षणी पोरगी खरे तर ७७१ मीटरच धावलेली असते. उरलेले २९ मीटर तिच्या वेगाने सहा सेकंदांचे. दोन एकोणपन्नास अधिक सहा, झाले दोन पंचावन्न. स्टॉपवॉच खरे बोलत होते.

पोरीचा चेहरा उतरला. मला वाईट वाटले, पण ते दिवाळीत कळले हे बरे. भरतीच्या मैदानावर कळले असते तर?

इथे मला माझीच एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी घरात कुणाला फारशी सांगितलेली नाही. नोकरीची सुरुवातीची वर्षे. शाळेचे नाव राहू द्या. मी इतिहास-भूगोलाचा मास्तर, पण क्रीडाशिक्षक नव्हते म्हणून मैदान माझ्या गळ्यात. तालुक्याच्या स्पर्धेआधी २०० मीटरचा ट्रॅक आखायचा होता. टेप कुठला? तागाची सुतळी आणून फुटपट्टीने रात्री वर्गात मोजली, गाठी मारल्या, आणि पहाटे थंडीत दवाने भिजलेल्या गवतावर ती पसरून चुना मारला. तागाची सुतळी ओली झाली की फुगते आणि आखडते, हे मला ठाऊक नव्हते. (कपडे वाळत घालायची दोरी पावसात ताठ होते, ती काय उगाच? रोज बघत होतो, पण डोक्यात शिरले नव्हते.) ट्रॅक भरला १९२ मीटर. आम्ही महिनाभर त्यावर सराव केला. ८०० मीटर म्हणजे चार फेऱ्या, म्हणजे ३२ मीटर कमी. आमचा एक मुलगा, गोंड समाजाचा, काटक, अनवाणी धावायचा, दोन मिनिटे वीस सेकंदांत यायचा. मी त्याला सांगून ठेवले होते की जिल्ह्याला तुझा नंबर धरून चाल. जिल्ह्याच्या मैदानावर तो दोन सव्वीसला आला आणि मागे पडला. त्याने काही म्हटले नाही. परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून राहिला. पुढच्या वर्षी शाळेत आलाच नाही. घरच्या अडचणी असतील, धावण्याशी संबंध नसेलही. पण मैदान चुकीचे आखले होते हे मला नंतर पोलादी टेप मिळाल्यावर कळले, आणि तोवर त्याला ते सांगायला तो नव्हता. 'तू हळू नव्हतास रे, माझी सुतळी आखूड होती,' एवढेच सांगायचे होते.

असो.

तेव्हा कुणी पोर चुकीच्या अंतरावर घाम गाळताना दिसले की मला राहवत नाही. नातीचे घड्याळ म्हणजे माझी ती सुतळीच आहे, फक्त हिची किंमत जास्त.

आता चिरंजीवांचे म्हणणे. "बाबा, म्हणूनच तर नवीन घ्यायचं! नव्यात ड्युअल फ्रिक्वेन्सी असते." हे खरे आहे, आणि ते मी समजून घेतले आहे. ज्यांना रस नाही त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडून द्यावेत, पण भूगोलाच्या मास्तराला हे सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

जीपीएसचे उपग्रह आपल्यापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येक उपग्रह 'मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजले' एवढेच सांगत असतो. घड्याळ तो निरोप ऐकते, किती उशिरा पोचला ते पाहते आणि त्यावरून अंतर काढते. असे चार उपग्रह ऐकू आले की आपली जागा ठरते. घड्याळ उपग्रहाला काही कळवत नाही, नुसते ऐकते. म्हणून भामरागडच्या जंगलात मोबाइलची एक काडी नसली तरी जागा कळते. ही व्यवस्था अमेरिकन सैन्याची. सामान्यांना मिळणाऱ्या निरोपात ते मुद्दाम चूक मिसळत असत. ती भेसळ २ मे २००० पासून बंद झाली. ती बंद झाली नसती तर हातातल्या घड्याळाने धावण्याचे अंतर मोजणे शक्यच नव्हते, कारण शंभर मीटर इकडेतिकडे हे तेव्हा सहज चालायचे. गार्मिनचे पहिले फोररनर घड्याळ आले २००३ साली. मनगटावर काडेपेटी बांधल्यासारखे दिसायचे ते. आता अमेरिकेच्या जोडीला रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बैदू असे सगळेच उपग्रह घड्याळे ऐकतात. आपल्या इस्रोचे नाविक आहे. त्याचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला. पण जुने उपग्रह ज्या लहरींवर बोलतात त्यांत घड्याळांना सोयीची एल-वन लहर नव्हती. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून ती आली.

चूक कुठे होते? निरोप फार क्षीण असतो. मोकळ्या आभाळाखाली ठीक, पण भिंतीवरून, डोंगरावरून आपटून आलेला निरोप उशिरा पोचतो आणि घड्याळाला वाटते उपग्रह लांब आहे. मी ज्या शाळेच्या सभागृहात पंधरा ऑगस्टची भाषणे करायचो, तिथे पत्र्याच्या छपरामुळे प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यायचा. मागच्या पोरांना कळायचेच नाही की सर आत्ता बोलले की मघाशी. तसेच हे. ड्युअल फ्रिक्वेन्सी म्हणजे एल-वनच्या जोडीला एल-फाइव्ह नावाची दुसरी लहर ऐकणे. तिच्यावरचे ठोके दहापट वेगाने पडतात, म्हणून खरा शब्द आणि त्याचा पडसाद वेगळे काढणे सोपे जाते. शिवाय दोन लहरींची तुलना करून वातावरणामुळे झालेला उशीरही वजा करता येतो. हे तंत्र २०२२-२३ पासून धावण्याच्या बऱ्याच घड्याळांत आले आहे. पण सगळ्या नव्या घड्याळांत नाही! गार्मिनचेच २०२४ सालचे फोररनर १६५ घ्या. पडदा झकास, पण ड्युअल फ्रिक्वेन्सी नाही. 'नवीन' आणि 'अचूक' हे दोन वेगळे शब्द आहेत, हे गटावरच्या मंडळींनी लक्षात घ्यावे. आमच्या मावशीबाईंनी ज्याच्यासाठी आग्रह धरला आहे त्यात गाणी साठतात, दुसरी लहर नाही.

आमच्या जिल्ह्यांत तर आणखी एक भानगड आहे. झाडे. ओली पाने हा निरोप खाऊन टाकतात. सागाचे पान केवढे असते ते पुण्या-मुंबईच्या मंडळींना सांगायला हवे, आमच्याकडे त्यावर जेवण वाढतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग निष्पर्ण होतो तेव्हा रानातल्या रस्त्यावर घड्याळ शहाण्यासारखे वागते. जुलै-ऑगस्टमध्ये तोच रस्ता, तीच पोरगी, तेच घड्याळ, आणि नकाशावरची रेघ बाजूच्या बांधीतून धानाच्या चिखलात गेलेली! नातीने मला ते नकाशे दाखवले. मी म्हटले, 'रोवणी केलीस की काय?'

या भागात जीपीएसची ओळख माणसांआधी वाघांना झाली असे मी गमतीने म्हणतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या एका तरुण वाघाला २०१९ च्या फेब्रुवारीत गळपट्टा बांधला होता. तो हिंडत हिंडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला, तोवर ३,००० किलोमीटरच्या वर चालला होता. ताडोब्याची झीनत वाघीण २०२४ च्या नोव्हेंबरात ओडिशातल्या सिमिलीपालला नेऊन सोडली. ती तिथून निघाली ती झारखंड करून पश्चिम बंगालात. २९ डिसेंबरला बांकुड्यात तिला बेशुद्ध करून पकडले, तेही गळपट्ट्यामुळे माग लागत गेला म्हणून. यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी. टिपेश्वरच्या वाघाची जागा तासातासाने नोंदवली जायची आणि दोन ठिपके सरळ रेघेने जोडायचे. वाघ काही सरळ रेघेत चालत नाही. म्हणजे ३,००० हा आकडा कमीत कमी, खरे चालणे जास्तच. घड्याळाचे उलट होते. ते सेकंदाला एक ठिपका टाकते, प्रत्येक ठिपका दोन-चार मीटर इकडेतिकडे डळमळतो, आणि ते डळमळीत ठिपके जोडले की नागमोडी रेघ होते. ती सरळ रेघेपेक्षा लांब भरते. ठिपके विरळ तर अंतर कमी, ठिपके दाट पण थरथरते तर अंतर जास्त. त्यात आखूड मैदानाची वळणे आली की बघायलाच नको. म्हणूनच तेच घड्याळ गडचिरोली रस्त्यावर, किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये, बरोबर १.०० दाखवते आणि शाळेच्या मैदानावर खोटे बोलते.

मामाचे ड्युअल फ्रिक्वेन्सीवाले नवे घड्याळही दिवाळीत त्याच मैदानावर नातीच्या दुसऱ्या हातावर बांधून पाहिले. ०.८१, ०.८०, ०.८२. सुधारणा आहे, मी नाकारत नाही. पण ०.८२ म्हणजे सुद्धा चार-साडेचार सेकंद. तीस-चाळीस हजार टाकून चार सेकंदांची चूक विकत घ्यायची, आणि तीही ज्या कामासाठी पोलादी टेप फुकट मिळतो त्या कामासाठी? भरतीत बऱ्याच ठिकाणी आता चिप लावून वेळ नोंदवतात आणि मैदान मोजलेले असते. तिथे मनगटावरच्या घड्याळाला कोण विचारतो?

हे सगळे मी गटावर थोडक्यात लिहिले. बाजू जिंकलो असे मला वाटले. तर नातीने वेगळा फोन केला.

"आबाजी, तुमचं बरोबर आहे. पण घड्याळ मले वेळेसाठी नाही पाहिजे."

"मग?"

"आईला मी कुठे आहे ते दिसलं पाहिजे. नव्यात ते दिसते. पडली-बिडली तर घरी निरोप जाते. आई मले पहाटे रस्त्यावर जाऊ देत नाही ना."

मी गप्प झालो. कारण तिची आई, म्हणजे माझी मुलगी, का जाऊ देत नाही हे मला माहीत होते. ७ ऑगस्ट २०२५. आरमोरी-गडचिरोली मार्गावर काटलीजवळ सकाळी व्यायामाला निघालेल्या सहा मुलांना ट्रकने चिरडले. चौघे गेले. दोघांना नागपूरला हलवावे लागले. शाळकरी मुले होती हो. त्या रस्त्यावरून आमची नात धावायची. त्या दिवशी ती घरीच होती, पाऊस होता म्हणून की आळस म्हणून, आम्ही कुणी विचारले नाही. आमच्या जिल्ह्यांत रस्त्यावरची वाहतूक किती वाढली आहे हे इथे राहणारा प्रत्येक जण जाणतो. पहाटेचा अंधार, धुके, डांबराच्या कडेला खाली उतरायला धड जागा नाही, आणि पोरे काळ्या ट्रॅकसूटमध्ये! चंद्रपूरकडे तर ट्रकच्या जोडीला बिबट आणि वाघ. दुर्गापूर-ऊर्जानगर परिसरात २०२२ च्या फेब्रुवारीत जे झाले त्यानंतर आमच्या तुकूममधली मंडळीसुद्धा कित्येक महिने उजाडल्याशिवाय फिरायला निघत नव्हती.

तर तिचा मुद्दा वेळेचा नव्हता, आईच्या जिवाचा होता. त्यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हते. दोन दिवस विचार केला, मामाला विचारले, पुस्तिका वाचून घेतल्या (डोळ्यांना त्रास होतो, मोठ्या अक्षरात छापून घेतल्या). आणि जे कळले ते असे की, घड्याळ उपग्रहाचे ऐकते, पण घरी निरोप धाडायला त्याला खिशातला फोन लागतो आणि फोनला नेटवर्क लागते. जास्त महागाच्या काही घड्याळांत स्वतःचे सिम असते, पण त्यालाही मनोरा लागतोच. आरमोरी गावात चालेल. गाव सोडून रानाच्या पट्ट्यात शिरले की जिथे खरी भीती, नेमके तिथेच मुके. आणि समजा नेटवर्क असले, निरोप गेला, तरी तो गेल्यावर जातो. 'तुमची मुलगी अमुक ठिकाणी पडली आहे' हे आईला कळवणे आणि मुलीला ट्रकपासून वाचवणे यांत फरक आहे. पहिल्यासाठी कंपन्या पैसे घेतात. दुसरे त्यांच्या हातात नाही, त्यांचा दोषही नाही.

जाता जाता आणखी एक सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. ही घड्याळे आपण कुठून कुठे धावलो ते अ‍ॅपवर चढवतात, आणि ते सगळ्या जगाला दिसेल असे ठेवले तर पोरगी रोज किती वाजता कुठल्या दारातून निघते हे कुणालाही कळते. स्ट्राव्हा नावाच्या अ‍ॅपने जगभरच्या धावणाऱ्यांच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला होता. त्यातून परदेशी वाळवंटांतले लष्करी तळ उजळून निघाले, कारण सैनिक तळाभोवती धावत होते! जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने ते दाखवून दिले. गडचिरोलीत पोलीस मदत केंद्रावर उद्या नोकरी करू पाहणाऱ्या मुलीने हे आत्तापासून लक्षात ठेवावे. तिच्या घड्याळातली ती खिडकी मी दिवाळीतच तिच्याकडून बंद करून घेतली.

मग माझे म्हणणे काय? माझे म्हणणे, मुलींनी पहाटे रस्त्यावर धावूच नये, आणि हे मी त्यांच्यावर बंधन म्हणून म्हणत नाही. रस्ता धावायची जागाच नव्हे. धावायची जागा मैदान. गावात शाळेचे मैदान आहे, संध्याकाळी पाच ते सात रिकामे आहे. फक्त ते मोजलेले नाही, त्यात गाजरगवत वाढले आहे आणि फाटकाला कुलूप आहे. मुख्याध्यापकांना भेटून आलो. भले गृहस्थ आहेत, माझ्या एका विद्यार्थ्याचे मेहुणे निघाले. म्हणाले, "सर, तुम्ही आखून द्या, किल्ली मी देतो, पण दिवा नाही." ठीक आहे. वर्गणीतले पैसे तिथे लावा असे मी सुचवतो. दोन एलईडी दिवे, पन्नास मीटरचा पोलादी टेप एक, चुन्याची पोती, दोन साधी स्टॉपवॉच, आणि रस्त्याने मैदानापर्यंत येणाऱ्या पोरापोरींसाठी चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे डझनभर. सगळे मिळून एका घड्याळाच्या किमतीत बसते, मी बाजारात विचारून आलो आहे. नात एकटी नाही, त्या मैदानावर वीसेक पोरे-पोरी तयारी करतात.

ज्यांना आपल्या गावी करायचे असेल त्यांच्यासाठी आकडे देऊन ठेवतो. २०० मीटरच्या फेरीसाठी समोरासमोर ४० मीटरच्या दोन सरळ बाजू आणि दोन्ही टोकांना अर्धवर्तुळे. धावण्याची त्रिज्या १९.१० मीटर. पण चुना मारायचा १८.९० वर, कारण माणूस रेषेवर पाय देऊन धावत नाही, वीस सेंटीमीटर सोडून धावतो, आणि मोजणी तिथे करायची असते. लांबी साधारण ८० मीटर आणि रुंदी ४० मीटर मोकळी हवी, भोवती थोडी जागा सोडून. चार फेऱ्या म्हणजे मुलींचे ८००, आठ फेऱ्या म्हणजे मुलांचे १६००. मध्यबिंदूला लोखंडी खुंटी ठोका आणि तारेने वर्तुळ काढा. सुतळी वापरू नका!!

नातीने यावरही मला ऐकवलेच. "आबाजी, चुना पहिल्या पावसात जाईल. घड्याळ पाच वर्षं टिकते." बरोबर आहे. म्हणून कोपऱ्यांवर सिमेंटचे खुंटे गाडायचे आम्ही ठरवले. चुना गेला तरी खुंटे राहतील. आणि तिचे आणखी एक म्हणणे मला मान्य करावे लागले. सावकाश लांब पळण्याच्या दिवशी नाडी किती पडते हे घड्याळाने तिला शिकवले, नाहीतर ती रोजच जीव तोडून पळायची आणि नडगी दुखवून घ्यायची. ते काम जुनेही करते, मात्र हिवाळ्यात हात गार असले आणि पट्टा सैल असला की नाडीऐवजी पावलांचे ठोके मोजते, एवढे ध्यानात ठेवायचे.

तेव्हा मामाने हट्टच धरला तर माझी अट एवढीच. भरती झाल्यावर घ्या. आणि घ्याल तेव्हा ज्यात दोन लहरी आहेत, ज्याला बटणे आहेत (घामाच्या आणि पावसाच्या बोटांनी पडदा ऐकत नाही, मी दोन मिनिटे चोळत बसलो होतो), आणि एकदा भरलेली बॅटरी आठवडाभर पुरते असे घ्या. आमच्याकडे वादळी पावसात वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. गाण्यांसाठी जादा पैसे देऊ नका. रस्त्यावर कान मोकळे पाहिजेत. आणि कुठलेही घेतले तरी धावायला सुरुवात करण्याआधी मोकळ्या आभाळाखाली दोन मिनिटे उभे राहावे, उपग्रह सापडू द्यावेत. बरीच चूक या घाईतच होते.

मावशीबाई रागावल्या आहेत. त्यांचे म्हणणे, वाढदिवसाला कुणी चुना भेट देते का! त्यांनाही मी हा लेख पाठवणार आहे. जावयांनी दिव्यांचे खांब उभे करायचे कबूल केले आहे. येत्या रविवारी सकाळी आठला आखणी आहे, मी शनिवारच्या बसने आरमोरीला जातो. कंत्राटदाराचा टेप सध्या वडशाच्या कामावर गेला आहे, तेव्हा आरमोरी-ब्रह्मपुरीकडे कुणाजवळ पन्नास मीटरचा पोलादी टेप असेल तर एका दिवसापुरता लागेल, फोन करावा. कापडी नको. नात म्हणते, भरती झाली की नवे घड्याळ ती स्वतःच्या पगारातून घेणार आणि जुने मला देणार. त्याचा पट्टा तुटायला आला आहे. तसला पट्टा चंद्रपुरात कुठे मिळतो, गोल बाजारात का, हे कुणाला ठाऊक असेल तर तेही कळवा.